चाकोरीची सरासरी

बैलगाडीच्या दोन चाकांमध्ये नेमकं किती अंतर असतं, हा प्रश्न प्रभाकरराव खासनिसांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. बहुतेक सुशिक्षित माणसांना तो पडत नाही आणि त्यांचं काही अडतही नाही. पण एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या माघात तांबडदऱ्याच्या वाटेवर, एका जुन्या लष्करी जीपमध्ये, डाव्या अंगावर कललेल्या अवस्थेत सहा किलोमीटर गेल्यावर त्यांना तो पडला. आणि मग वैशाखापर्यंत दुसरा कुठलाच प्रश्न पडला नाही. घरात मुलीचं लग्न होतं, याची आठवण त्यांना मधूनमधून पत्नी शैलाबाई करून देत.

वास्तविक जीप आली होती ती लग्नासाठीच. प्रभाकररावांची थोरली बहीण दुर्गाआक्का तांबडदऱ्यात राहत असे. यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. ते गेले तरी आक्का गाव सोडून आली नाही. चाकणच्या पुढे एसटी एका फाट्यावर सोडते आणि तिथून सहा किलोमीटर नुसती बैलगाडीची वाट आहे. तीन वर्षांपूर्वी त्या वाटेवर बैलगाडीतच आक्काची कंबर धरली, आणि तेव्हापासून तिने बैलगाडीत बसायचं सोडलं. गुडघ्यांनी चालणं आधीच सोडलं होतं. म्हणजे अरुंधतीच्या लग्नाला आक्काला आणायची तर कशातून, हा खरा पेच होता. आणि आक्काशिवाय लग्न, ही कल्पना प्रभाकररावांना करता येत नव्हती. त्यांची आई लवकर गेली. त्यांना चालायला शिकवलं ते आक्काने. आक्का हे वाक्य कधी बोलून दाखवत नसे, त्यामुळे ते प्रभाकररावांना सतत ऐकू येई.

टॅक्सी करून पाहिली. वाटेच्या मधोमध जो उंचवटा होता त्यावर टॅक्सीचं पोट टेकलं आणि ती पालथ्या घातलेल्या परातीसारखी फिरली. टॅक्सीवाल्याने उतरून आधी उंचवट्याकडे, मग प्रभाकररावांकडे पाहिलं. "साहेब, इथं माणसं राहतात?" एवढंच त्याने विचारलं. तेव्हा प्रभाकररावांनी जीप घ्यायचं ठरवलं.

जीप लष्करी लिलावातून आली. लिलावाच्या कागदावर 'जशी आहे तशी आणि जिथे आहे तिथे' असं छापलेलं होतं, आणि पहिले तीन आठवडे ती खरोखरच जिथे होती तिथेच होती. पुढे ती हलली. चिंचवडच्या कॉलनीत तिचं नारळ फोडून स्वागत झालं, आणि त्याच रविवारी प्रभाकरराव तिला घेऊन तांबडदऱ्याला निघाले.

फाट्यापर्यंत सगळं उत्तम चाललं. पुढे वाटेत दोन खोल चाकोऱ्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांनी कोरलेल्या, वीतभर खोल, उन्हाने दगडासारख्या झालेल्या. एका अंगाला निवडुंगाचं कुंपण, दुसऱ्या अंगाला ओघळ. चाकोरी सोडून जायची सोय नाही. आणि जीपच्या चाकांमधलं अंतर बैलगाडीच्या चाकांपेक्षा कमी. डावं चाक डाव्या चाकोरीत उतरलं की उजवं मधल्या उंचवट्यावर चढे. त्यामुळे सबंध वाट प्रभाकररावांनी एखाद्या बड्या साहेबाच्या कानाशी लागल्यासारखी कापली.

आक्का ओट्यावर उभी होती. तिने भावाला जीपमधून उतरताना पाहिलं. म्हणजे तो उतरला नाही, सांडला.

"हे काय आणलंयस?"

"जीप."

"ती दिसली मला. तू तिरका का आलास?"

प्रभाकररावांनी कारण सांगितलं. आक्काने ते शांतपणे ऐकलं, मारुतीच्या देवळापर्यंत जीपमधून जाऊन आली, आणि म्हणाली, "उतरव मला."

"अगं आक्का, डांबरी लागली की सरळ होते ही."

"डांबरी लागेपर्यंत मी सरळ राहायला हवी ना? माझी कंबर आधीच एकीकडे आहे, तिला आणखी कुठे न्यायची नाही मला. नको रे बाबा. मी इथूनच अक्षता टाकीन."

आणि ती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. अक्षतांचे नव्हेत, जेवणाचे. पण प्रभाकररावांना ते बघवेना.

आता, दुसरा कोणी असता तर त्याने आक्काची मनधरणी केली असती. पण प्रभाकरराव एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. माणसाला समजावता येतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. वस्तू मात्र बदलता येते, फक्त आधी ती मोजावी लागते. जेवण होताच त्यांनी खिशातून पोलादी टेप काढली.

टेपचं दुसरं टोक धरायला गावचा सुतार ज्ञानदेव आला. हा साठीचा गृहस्थ प्रभाकररावांना मामा म्हणे. मास्तरीणबाईंचा भाऊ म्हणून सबंध गावच त्यांना मामा म्हणे, त्याला इलाज नव्हता.

"मामा, मोजताय कशापायी? मला इचारा की. तीन हात आन दोन बोटं."

"कुणाचा हात?"

"आमच्या आज्याचा."

"ते हयात आहेत?"

"न्हाई. हात हाय." ज्ञानदेवाने घरातून बाभळीची एक काठी आणून दाखवली. आज्याने आपल्या हाताच्या मापाने तोडलेली. गावातल्या हरेक गाडीचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, तिच्यावरून बेतलेला.

"आणि बोटं?"

"बोटं माझी."

प्रभाकररावांनी काठीचं झिजलेलं टोक पाहिलं, ज्ञानदेवाची बोटं पाहिली, आणि शास्त्रीय पद्धतीने वाचनं घ्यायचं ठरवलं. एक जागा धरून चालणार नव्हतं. वळणावर चाकोरी रुंदावे, चढावर आवळे. पहिल्या रविवारी सतरा ठिकाणी मापं झाली. दुसऱ्या रविवारी आणखी तेवीस. तिसऱ्या रविवारी कांद्याची गाडी वाटेत रुतून पडल्याने मोजणी अर्धीच राहिली, सबब चौथ्या रविवारी जावं लागलं. पाचव्या रविवारी पहिल्या रविवारची मापं पडताळून पाहणं भाग होतं, आणि पुढचे तीन रविवार बाकीची मापं पडताळण्यात गेले. दर वेळी दुपारी आक्का वाटेकडे तोंड करून हाक मारी, "जेवायला ये रे!" आणि प्रभाकरराव ओरडत, "आलो, ओढ्यापर्यंतची सरासरी काढतो!"

"अहो, या रविवारी मांडववाल्याकडे जायचंय," शैलाबाई म्हणत.

"रविवारी रीडिंगं आहेत."

"मांडव काय रीडिंगांचा घालणार?"

सरासरी निघाली तेराशे शहाण्णव पूर्णांक चार मिलिमीटर. जीपची मोजली ती बाराशे पंचेचाळीस. म्हणजे जीप प्रत्येक बाजूला साधारण तीन इंचांनी रुंद करायला हवी होती. प्रभाकररावांनी आज्याच्या तीन हातांचे आणि ज्ञानदेवाच्या दोन बोटांचेही मिलिमीटर करून पाहिले. सरासरीपेक्षा चौदा जास्त आले. एवढी चूक अशिक्षित माणसाला शोभण्यासारखीच आहे, असं त्यांनी मनात म्हटलं; पण त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

टायरचा प्रश्न इतका सोपा नव्हता, कारण त्यात हरिहरराव होते.

हरिहरराव वरच्या मजल्यावर राहत, लष्कराच्या एका डेपोत स्टोअरकीपर होते, आणि कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. देहाने ते भरभक्कम होते. जीप लष्करी असल्यामुळे तिच्यावर नैतिक हक्क आपला आहे, अशी त्यांची समजूत होती.

"प्रभाकरराव, हे सहा-सोळा टायर काढून टाका. साडेसात-सोळा घाला. टायर म्हणजे काय? पाय! हत्ती चिखलात बुडतो का?"

"बुडत असेल."

"तुम्ही बुडालेला हत्ती पाहिलाय?"

"न बुडालेलाही सर्कशीतच पाहिलाय."

"मग? पाय जाड, म्हणून बुडत नाही. मिलिटरीत आम्ही—"

"अहो, पण मला बुडायचंच आहे!" प्रभाकरराव म्हणाले. "चाकोरी तळाशी सहा इंच रुंद आहे. चाक तळाला टेकलं तर गाडी सरळ जाईल. साडेसात इंचांचं टायर काठावरच बसेल. अरुंद खुर्चीत जाड माणूस बसला की कसा वरच्या वर अडकून राहतो…"

हरिहरराव त्या वेळी प्रभाकररावांच्या घरातल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. ते उठले. खुर्चीही थोडी उठली. ती सोडवून ठेवून ते वर गेले, आणि आठ दिवस खाली आले नाहीत.

नवव्या दिवशी मात्र त्यांच्याकडून पत्र आलं. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर, पोस्टाने. 'आपले वाहन रुंद करण्याचे आपण योजिले असल्याचे सोसायटीच्या कानी आले आहे. फाटकाच्या खांबांमधील अंतर वाढविण्याचा सोसायटीचा विचार नाही, याची नोंद घ्यावी. प्रत: फाइल.' प्रभाकररावांनी फाटक मोजलं. रुंद झाल्यावरही जीप दोन्हीकडून प्रत्येकी सव्वा इंच राखून जाणार होती. तसं त्यांनी पोस्टाने कळवलं. शैलाबाई म्हणाल्या, "जिन्यात भेटलात तर नमस्कार तरी करा, का त्यालाही तिकीट लावणार?"

अ‍ॅक्सलचं काम दापोडीच्या हिंदुरावांकडे दिलं. हिंदुरावांचं गॅरेज रेल्वेलाइनला लागून होतं, आणि मालगाडी गेली की तिथलं सगळं बोलणं हातवाऱ्यांवर येई. प्रभाकररावांनी चार शीटचं ड्रॉइंग काढलं होतं. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, जोडणी आणि तपशील. कोपऱ्यातल्या चौकटीत 'रेखाटले', 'तपासले' आणि 'मंजूर केले' या तिन्ही ठिकाणी प्र. ग. खासनीस यांचीच सही होती, आणि तपासणाऱ्या खासनिसांनी रेखाटणाऱ्या खासनिसांच्या दोन चुकाही काढल्या होत्या.

हिंदुरावांनी ड्रॉइंग दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं.

"झाक काढलंय, राव."

"त्याप्रमाणे होईल ना?"

"होतंय की. पण साहेब, तीन इंचासाठी अ‍ॅक्सल कशाला कापायचा? रिमा उलट्या करून लावू. चाक आपसूक बाहेर येतंय. दुपारी न्या गाडी."

प्रभाकररावांचा चेहरा पडला. अ‍ॅक्सलवर येणाऱ्या ताणाचं चार पानी गणित त्यांच्या पिशवीत होतं. "हिंदुराव," ते म्हणाले, "मला काम इंजिनियरिंगच्या पद्धतीने हवंय."

"मग वेळ लागंल," हिंदुराव समजुतीने म्हणाले.

वेळ लागला. एका मोडीत निघालेल्या पिकअपचे अ‍ॅक्सल मिळाले, पण पुढचा आधी तयार झाला आणि मागच्याला बेअरिंग मिळेना. पंधरा दिवस जीप पुढून रुंद आणि मागून अरुंद अशी उभी होती. पुढून पैलवान, मागून कारकून. प्रभाकरराव शिफ्ट सुटली की रोज दापोडीला जात. ड्रॉइंग कुठे आहे असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा हिंदुरावांनी भिंतीकडे बोट दाखवलं. चारी शीटं देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्यांनी लावलेली होती आणि त्यांच्यापुढे उदबत्ती जळत होती.

"अहो, त्यातली मापं बघायची असतात!"

"एवढं झाक कागद, त्याला तेलाचे हात लावायचे? माप घेतलंय मी." आणि त्यांनी कमरेला खोचलेली एक सुतळी काढून दाखवली. तिला दोन गाठी होत्या. प्रभाकररावांनी गाठींमधलं अंतर टेपने मोजलं. ते बरोबर निघालं. याचा त्यांना जो त्रास झाला तो चुकीच्या मापाने झाला नसता.

मग परवाना. गाडीत फेरबदल केला तर परिवहन कचेरीत नोंद करावी लागते, हे जाणणारी माणसं फार थोडी असतात आणि जाणून नोंद करणारी त्याहून थोडी. प्रभाकरराव त्यांतले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला.

"रंग बदललाय?"

"नाही. रुंदी बदललीय."

"रुंदीला रकाना नाही. रंगात लिहू?"

"रंगात रुंदी कशी लिहिणार?"

"तेच म्हणतो मी." कारकुनाने पेन खाली ठेवलं. "कारण काय रुंदीचं?"

"बहिणीच्या गावची वाट रुंद चाकोरीची आहे."

"आणि उद्या बहीण इकडे राहायला आली तर? पुन्हा बारीक करणार गाडी?" कारकून दयाळू होता. "असं करा. वाट अमुक इतकी रुंद आहे, असा ग्रामपंचायतीचा दाखला आणा. मग मी कारण म्हणून जोडतो."

प्रभाकररावांनी तांबडदऱ्याचे सरपंच सोपानराव यांना रीतसर अर्ज पाठवला. 'विषय: गाडीवाटेतील चाकोऱ्यांचे परस्परांतर आणि माझ्या जीपगाडीच्या चाकांचे परस्परांतर यांतील तफावतीबाबत.' खाली दोन्ही मापं मिलिमीटरांत, आणि सौजन्य म्हणून हात-बोटांत दिली. जीपचं माप अर्थातच मूळचं होतं. कचेरीला मूळचंच लागतं. उत्तर आठ दिवसांत शिक्क्यासह आलं: 'आपण नमूद केलेली तफावत पाहणीअंती खरी आढळली. ती दूर करण्याची तजवीज ग्रामपंचायत करीत आहे. मास्तरीणबाईंना नमस्कार सांगणे.'

मास्तरीणबाई त्यांच्याच गावात राहत होत्या, पण पत्राला शोभा म्हणून ते ठीक होतं. 'तजवीज करीत आहे' या शब्दांकडे प्रभाकररावांनी लक्ष दिलं नाही. बावीस वर्षांच्या पत्रव्यवहारात त्यांनी हे शब्द अनेकदा वाचले होते आणि त्यानंतर कुठेही काहीही घडलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. पत्र अर्जाला जोडलं गेलं. शेवटी रुंदी लाल शाईने 'शेरा' या रकान्यात बसली.

जीप रुंद होऊन घरी आली तो दिवस लग्नाच्या आधीचा मंगळवार. शैलाबाईंना घेऊन प्रभाकरराव थेरगावपर्यंत चक्कर मारायला निघाले, आणि तिथल्या ओढ्यापाशी कळलं की चाकं आता मडगार्डच्या बाहेर आली आहेत. ओढ्यातलं सगळं पाणी, आणि पाण्यात म्हशींनी जे जे मिसळलं होतं तेही, चाकांनी उचलून आत आणून दिलं.

शैलाबाईंनी पदराने चष्मा पुसला. "वन्संना अशी आणणार?"

"तांबडदऱ्याच्या वाटेवर पाणी नाही."

"नाही ना? मग चला. माझी तेवढी झाली आंघोळ."

त्या संध्याकाळी हरिहरराव खाली आले. काखेत एका जुन्या, जाडजूड टायरचे कापलेले चार तुकडे होते. "साडेसात-सोळाचे आहेत," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "मडगार्डला खाली लोंबते लावा. चिखल उडणार नाही. मास्तरीणबाई येतायत म्हणून, तुमच्यासाठी नाही." प्रभाकररावांनी वेताची खुर्ची पुढे केली. हरिहरराव उभेच राहिले, पण चहा घेतला.

शनिवारी पहाटे प्रभाकरराव निघाले. रविवारी लग्न, शनिवारी संध्याकाळी सीमंतपूजन. फाट्यावर त्यांनी जीप थांबवली, उतरून पुढच्या चाकांमध्ये टेप लावली: तेराशे शहाण्णव. खिशात पातळी तपासायची स्पिरिट लेव्हल होती, ती त्यांनी पुढच्या सपाट पत्र्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये होता. आयुष्यात असे क्षण थोडे येतात. प्रभाकररावांनी जीप चाकोरीत घातली.

डावं चाक चाकोरीत उतरलं. उजवं उतरलं नाही.

बुडबुडा एका टोकाला पळाला आणि तिथेच बसून राहिला. थोडं पुढे गेल्यावर नीट होईल, असं वाटून प्रभाकरराव पुढे गेले. नीट झालं नाही. ते वळणावर पुन्हा उतरले आणि पाहतच राहिले. उजवी चाकोरी तिथे नव्हती. मुरूम टाकून, पाणी मारून, रोळ फिरवून ती कुणीतरी बुजवून टाकली होती. आणि तिच्या आतल्या अंगाला अर्ध्या फुटावर एक नवी कोरी चाकोरी खणलेली होती. कडा इतक्या रेखीव की टूलरूममध्ये झाली असती तर त्यांनी शाबासकी दिली असती.

गावाच्या वेशीवर सोपानराव, ज्ञानदेव आणि पंधरावीस माणसं उभी होती. ज्ञानदेवाच्या हातात आज्याची काठी होती, आणि तिला झेंडूची माळ घातली होती.

"मामा!" ज्ञानदेव पुढे आला. "बगितली का वाट? अक्षी तुमच्या गाडीच्या मापात आनलीया!"

"कुठल्या मापात?" प्रभाकररावांनी तिरकं बसूनच विचारलं.

"तुमी अर्जात लिवलेल्या. आन तुमी जेवाया बसला व्हता तवा म्या सोता गाडी मोजली. आज्याच्या हातानं. चूक न्हाई." मग त्याची नजर जीपवर गेली. "पर मामा, तुमी अजून तिरकंच?"

"ज्ञानदेव," प्रभाकरराव म्हणाले, "मी गाडी रुंद केली."

"आं?"

"प्रत्येक बाजूला तीन इंच."

"कशापायी?"

"तुमच्या वाटेसाठी."

सोपानरावांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा घातली. प्रभाकररावांना एकदम आठवलं. "आणि तुमच्या बैलगाड्या? त्या कशा जातात या वाटेवरून?"

"तिरक्या," सोपानराव म्हणाले. "आठ दिस झालं. परवा किसनची कांद्याची गाडी लवंडली. पर कोन काय बोललं न्हाई, मामा. बाईंच्या घरचं लगीन हाय. म्हनलं आठ दिस आमी तिरकं, बाई सरळ जाऊ द्यात."

ज्ञानदेव काठीवरची माळ काढू लागला. "पुन्यांदा खनतो. सांजच्याला व्हतंय."

"सांजच्याला सीमंतपूजन आहे," प्रभाकरराव म्हणाले. आज आक्का आली नाही तर उद्या मंगलाष्टकं होतील, अक्षता पडतील, फोटो निघेल. आणि फोटोत त्या जागी दुसरं कुणीतरी उभं असेल. तीन महिने, चार शीटं, एकशे बारा वाचनं. तेराशे शहाण्णव पूर्णांक चार.

"झालं का बोलून?" वेशीलगतच्या ओट्यावरून आवाज आला. आक्का बाहेर आली होती. अंगावर जरीचं लुगडं, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या बगलेत गोधडी.

"आक्का, गाडी तिरकीच जाणार गं."

"ठाऊक आहे. आठ दिवस बघतेय मी गाड्या. येताना तू डावीकडे कललेला होतास ना?"

"हो."

"मग जाताना उजवीकडे." आक्काने गोधडीची चार पदरी घडी घातली, सीटवर उजव्या अंगाला ठेवली, दाबून पाहिली, अर्धी घडी कमी केली, आणि ज्ञानदेवाच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढून बसली. "पाट डुगडुगायला लागला की खाली चिंधी सारतात, प्रभाकर. जमीन नाही खणत."

तांबडदऱ्याच्या अख्ख्या ग्रामपंचायतीने खाली जमिनीकडे पाहिलं.

जीप निघाली. उजवं चाक चाकोरीत, डावं वर. जीप कलली, प्रभाकरराव कलले, मागे निरोप द्यायला उभी राहिलेली माणसं आरशात कललेली दिसत होती. त्या सगळ्यांत एक आक्काच तेवढी ओळंब्यात होती. प्रभाकररावांनी स्पिरिट लेव्हल खिशात ठेवून दिली.

कोरडा ओढा ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "हे गोधडीचं तुला आत्ता सुचलं?"

"माघातच सुचलं होतं. तू उतरलास तेव्हाच."

प्रभाकररावांचा पाय ब्रेकवर पडला. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

आक्का निवडुंगाच्या कुंपणाकडे बघत होती. "त्याआधीच्या तीन वर्षांत किती वेळा आलास रे इकडे?"

बावीस वर्षांची सवय. प्रभाकररावांनी मनात मोजलं. "एकदा. वर्षश्राद्धाला."

"आणि माघापासून?"

"नऊ वेळा."

"मग," आक्का म्हणाली. "वांग्याची भाजी खायला लागलास. लहानपणी ताटाच्या कडेला सारायचास."

त्यावर ड्रॉइंगमध्ये कुठे काय दुरुस्ती करायची, ते प्रभाकररावांना कळेना. त्यांनी गियर टाकला आणि जीप फाट्यापर्यंत मुंगीच्या गतीने नेली. डांबरी लागल्यावर आक्काने गोधडी काढून मांडीवर घेतली.

लग्न व्यवस्थित पार पडलं. आक्काच्या अक्षता पहिल्या झटक्यात अरुंधतीच्या डोक्यावर पडल्या, आणि पंगतीत हरिहरराव तिच्या शेजारी बसून टायर म्हणजे पाय हे तिला समजावून देत होते. आक्का पंधरा दिवस राहिली. तेवढ्या दिवसांत ज्ञानदेवाने वाट पूर्ववत केली, आणि तिला पोहोचवायला गेले तेव्हा जीप दोन्ही चाकांनी चाकोरीत बसली. आज्याच्या हातात आणि टेपच्या मापात जो चौदा मिलिमीटरचा फरक होता, तो मुद्दाम तपासला तेव्हा चूक टेपची निघाली. ही गोष्ट प्रभाकररावांनी अजून कुणाला सांगितलेली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ते टेप खिशात घालून दाराशी उभे राहिले.

"अहो, लग्न झालं," शैलाबाई म्हणाल्या. "गाडी वाटेत बसते, वाट गाडीत बसते. आता काय मोजायचं राहिलंय?"

"रीडिंगं," प्रभाकरराव बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाले. "सरासरी अजून स्थिर नाही."

शैलाबाईंनी चप्पल पायांत सरकवून दाराची कडी लावली.

"चला," त्या म्हणाल्या. "टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच की."